ना आधीची, ना नंतरची

हल्ली बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेस्लेम. तेस्लेम अशी बसते, तेस्लेम तशी बोलते, तेस्लेमने त्या डाकारच्या व्यापाऱ्याला कसं गप्प केलं! ऐकून ऐकून माझे कान किटले. अहो, ती बसते ते माझं बसणं आहे. बोलते ते माझं बोलणं आहे. ही बया मेल्हफ्याचा, म्हणजे अंगभर गुंडाळून नेसायच्या आमच्या वस्त्राचा, पदर तोंडात कोंबून उभी राहायची, तेव्हापासून मी तिला ओळखते. म्हणून तिची गोष्ट कुणी सांगायचीच असेल तर ती मी सांगेन, दुसऱ्या कुणी मधे तोंड घालू नये. माझा तिच्यावर काडीचा जीव नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की झैनबूने मनात धरून सांगितलं. मनात धरूनच सांगतेय.

नुआकशोत शहराच्या मोठ्या बाजारात, कापडाच्या गल्लीत, माझा गाळा तेवीस वर्षं आहे. तीन नवरे झाले. तिघांशीही तलाक होऊन मी सुटले, आणि तिन्ही वेळा मी आईच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की चार गल्ल्या पलीकडे ऐकू गेला. सुटून आलेल्या बाईने मान खाली घालायची, ही रीत आमच्याकडे नाही. लग्न झालेली पोर ही पोरच असते. सुटून आली की ती बाई होते. आमच्या गल्लीची म्होरकी तेकबेर तर पाचदा सुटलीय. मनगटात पुरुषी घड्याळ घालते, आणि तिच्यासमोर नाक्यावरचा पोलीससुद्धा बाजूला सरकतो. ती मला नेहमी चिडवायची, "काय गं झैनबू, अजून तिसरीतच? वरच्या वर्गात कधी जाणार?"

तर आमच्या या गल्लीत एक दिवस तेस्लेम आली.

ती नदीकाठच्या काएदीची. तिकडे पोरीच्या हातात बाहुलीच्या आधी सुई देतात. पांढरं कापड चिमटीत धरायचं, दोऱ्याने घट्ट गाठ आवळायची, अशा हजारो गाठी मारून झाल्या की कापड रंगात बुडवायचं. वाळलं की ब्लेडने एकेक दोरा उसवायचा. गाठ होती तिथे पांढरं फूल उमटतं. बाकीच्या बायकांची फुलं बोराएवढी. तेस्लेमची बाजरीच्या दाण्याएवढी, आणि एकही वेडंवाकडं नाही. सतराव्या वर्षी तिचं लग्न सिदातीशी लावलं. तो लांबचा चुलतभाऊ, उंटांचा दलाल. तिचा बाप मात्र शहाणा माणूस. लग्न लावताना त्याने सगळ्यांदेखत अट घातली: 'ना आधीची, ना नंतरची.' म्हणजे हिच्यावर सिदातीने दुसरी बायको केली, तर राहायचं की सुटायचं हे हिच्या हातात. आमच्यात बापाला अक्कल असेल तर तो ही अट घालतोच. मग बाप वारला, आणि सिदाती तिला घेऊन शहरात आला. पाठोपाठ तिची आईही शहरात वेगळं बिऱ्हाड करून राहिली.

पहिल्या दिवशी ती माझ्या गाळ्यासमोर अर्धा तास नुसती उभी होती. हातात तीन मेल्हफे. मी शेवटी ओरडले, "घेणार आहेस, देणार आहेस, की सावलीला आलीस?"

"मावशी, हे... बघता का?"

"मावशी कुणाला म्हणतेस? माझ्या बहिणीने तुला कधी जन्म दिला?"

ती इतकी घाबरली की कापडं खाली पडली. मी उचलली, उलगडली, उजेडात धरली. असलं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. पण तोंडावर तसं दिसू देईन तर मी झैनबू कसली!

"किती?" मी विचारलं.

"तुम्ही द्याल ते."

मी दिलं. किती दिलं ते विचारू नका. तेकबेर शेजारच्या गाळ्यातून बघत होती, तिने नुसतं कपाळावर हात मारला. मला लाज वाटली का? नाही वाटली. बाजारात कुणी 'तुम्ही द्याल ते' म्हटलं तर दोष देणाऱ्याचा नसतो.

त्यानंतर ती रोज यायची. गाळ्याच्या मागच्या बाजूला, गठ्ठ्यांच्या आडोशाला बसून दोरे उसवायची. घरी बसून उसवता येत नव्हते का? येत होते. पण त्या गठ्ठ्यांआडून मी दिसायचे. मी गिऱ्हाइकाशी कशी बोलते, एक गुडघा वर घेऊन कशी बसते, पदर डाव्या खांद्यावरून कसा फेकते, हे सगळं ती बघत असायची. मला आधी वाटलं, बिचारी, एकटी आहे. मला अधूनमधून असा दयेचा झटका येतो. मी तिला चार गोष्टी सांगितल्यासुद्धा, तो माझा मूर्खपणा.

"हे बघ," मी तिला म्हणाले, "भाव एकदाच सांगायचा. मग तोंड शिवायचं. चहाचा पेला हातात घ्यायचा आणि प्यायचा. गिऱ्हाईक कुरकुरेल, उठेल, चार पावलं जाईल. आपण बघायचंसुद्धा नाही. जो आधी बोलला तो हरला. कळलं?"

"आणि ते परत आलंच नाही तर?"

"येतं! आणि नाही आलं तर नाही आलं. त्याच्या बापाचं खातेस का?"

ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

मग एक दिवस माझी दाढ ठणकायला लागली. गाळा तिच्यावर सोपवून मी डॉक्टरकडे गेले. परत येते तर गल्लीच्या तोंडाशीच मला माझा आवाज ऐकू आला. मी इथे, आणि माझा आवाज तिथे! पुढे जाऊन बघते तर ही बया गुडघा वर घेऊन बसलीय, पदर डाव्या खांद्यावर, समोर गिऱ्हाईक कुरकुरतंय आणि ही चहा पितेय. मग जीभ टाळूला लावून तिने 'टक्' असा आवाज केला. तो आवाज माझा आहे! माझ्या आईचासुद्धा नाही, माझा! गिऱ्हाइकाने मुकाट्याने तिने सांगितलेला भाव दिला.

ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "माझा गाळा दिला तुला, माझं तोंड नव्हतं दिलं! स्वतःचं काही आहे का तुझ्याजवळ, की सगळंच उचलेगिरीचं?"

तेकबेर मधे पडली, "अगं, ओरडतेस काय? एका दिव्याने दुसरा लावला म्हणून पहिल्याचं काय कमी होतं?"

"मला नको शिकवू!"

तेस्लेम खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, मला घरी भीती वाटते. पाहुण्यांसमोर ते माझी नक्कल करतात. म्हणतात, माझी बायको? हिला बोलता येतं हे मला तिसऱ्या वर्षी कळलं! सगळे हसतात. मला तिथून उठून जावंसंही वाटतं आणि उठताही येत नाही. तेव्हा मी मनात विचारते, आत्ता झैनबूमावशी काय करेल? मग मी पाठ ताठ करते. तेवढंच."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी म्हणाले, "झैनबू तुझ्या घरात असती ना, तर तुझ्या नवऱ्याला एव्हाना उंट व्हायला लावलं असतं. चल, ऊठ, जागा सोड."

तिने जागा सोडली. आणि चार महिन्यांनी माझ्या बरोबर समोर स्वतःचा गाळा थाटला! आता सांगा, माणसाने काय करावं? रोज सकाळी समोर आरसा. मी पदर फेकला की तिकडे पदर. माझी गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली, कारण ताठा माझा, पण फुलं तिची. तेकबेर म्हणायची, "तुझीच शाखा आहे असं समज." गल्लीतल्या बायका खदाखदा हसायच्या. मी रात्रंदिवस जळत होते, हे कबूल करते.

आणि मग सिदाती येऊ लागला. यायचा बायकोच्या गाळ्यावर, उभा राहायचा माझ्याकडे तोंड करून. पांढराशुभ्र झगा, अत्तराचा घमघमाट, जिभेवर कविता. एकदा मला म्हणाला, "झैनबू, समोर नक्कल आहे आणि इथे अस्सल. माणसाने काय घ्यावं?" मला कळायला हवं होतं. चाळीस उंटांचे दात बघून त्यांची वयं ओळखणारा माणूस, माझं दुखणं त्याने लगेच ओळखलं. तीन वर्षं मी एकटी होते. घरी गेल्यावर भिंतीशी बोलायचे. वर हा राग. तेस्लेमने माझं सगळं उचललं होतं. मी तिचं एकच उचलायचं ठरवलं.

लग्न गुपचूप झालं. साक्षीदार म्हणून त्याचे दोन भाऊबंद, तोंड न उघडायची शपथ घातलेले. सिदातीला गुपचूपच हवं होतं, कारण ती अट. तेस्लेमला कळलं तर ती सुटेल, आणि तिच्या गाळ्यावर त्याचं घर चाललं होतं. मला का चाललं, हे मात्र विचारू नका. गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात मीच पुढे होऊन ओरडायचे, "अट घाला, अट घाला! ना आधीची, ना नंतरची!" आणि तेकबेरने 'चौथी कधी' म्हणून चिडवलं की म्हणायचे, "केला तर उजळ माथ्याने करीन, चोरटी दुसरी व्हायला मी काय वळचणीला पडलेय?" तीच मी. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या वेळी, दाराला कडी लावून नवऱ्याची वाट बघायचे. अट घालायचं तर तोंडातच आलं नाही. चोरून करताना कोण अटी घालतं?

आता माझा गाढवपणा ऐका. नवऱ्यासमोर नेसायला नवा मेल्हफा हवा म्हणून मी गेले कुणाकडे? तेस्लेमकडे! कारण कितीही जळफळाट झाला तरी हात तिचाच. मी म्हणाले, "असा रंग दे, जो अख्ख्या शहरात दुसरीच्या अंगावर दिसता कामा नये."

तिने अकरा दिवस घेतले. निळीत कोलाच्या झाडाच्या बियांचं पाणी घालून, परत नीळ, परत पाणी, असं काय काय करून तिने वांग्याच्या सालीसारखा रंग काढला. उन्हात काळा, सावलीत जांभळा. मी तिला शपथ घालायला लावली. ती म्हणाली, "अल्लाशपथ मावशी, असा एकच. उरलेलं पाणी मी ओतून दिलं."

नव्या निळीचं कापड आम्ही धुऊन नेसत नाही. तो रंग अंगाला लागावा, कातडी मऊ व्हावी, म्हणून तर घ्यायचं. गळ्याला, दंडाला निळसर झाक आली की बायका विचारतात, नवीन का गं? मीही तसाच नेसले. गुरुवारी दुपारी सिदाती आला, आणि जाताना त्याच्या पांढऱ्या झग्याच्या खांद्यावर चार बोटं रुंद डाग घेऊन गेला. माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसरी बायको असती तर म्हणाली असती, गर्दीत कुणाचं तरी कापड घासलं असेल. पण तेस्लेमने तो रंग स्वतःच्या हाताने कालवला होता. तो जगात एकाच कापडाला होता, आणि ते कापड कुणाच्या अंगावर आहे हे तिला ठाऊक होतं. तिची आई पुढे तेकबेरला सांगत होती, की तिने झगा पाण्यात घातलाच नाही. घडी घालून पिशवीत ठेवला, सुया घेतल्या, ब्लेड घेतलं, आणि ऊन उतरायच्या आत आईकडे निघून गेली.

तेकबेरनेच तिला सांगितलं, "आता त्या घरात पाऊल टाकू नकोस. सगळं कळूनही एकदा जरी त्याच्या अंथरुणावर निजलीस, तर बापाने घातलेली अट पाण्यात गेली. मग तू चालवून घेतलंस असं धरतात."

मग ती निवाडा मागायला कादीकडे गेली. त्यांनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, पण म्हणाले, "मुली, डागावरून मी निकाल कसा देऊ? दोन साक्षीदार आण. नाहीतर त्या बाईला चारचौघांत लग्न कबूल करू दे. दहा दिवस देतो."

सिदाती माझ्याकडे येऊन पाय पसरून हसला. "साक्षीदार कुठून आणणार? माझे भाऊ मरतील पण बोलायचे नाहीत. आणि दुसरी तर तू. तू कशाला सांगशील? तुझीच अब्रू जायची. दहा दिवस फुगून बसेल, अकराव्या दिवशी येईल परत. नाही आली तर लटकू दे. ना नवऱ्याची, ना सुटलेली. कोण करणार तिला?"

लटकलेली बाई म्हणजे काय ते आमच्यात लहान पोरीलाही ठाऊक असतं. तिच्यासाठी दारात कुणी जीभ हलवत नाही. तिला कुणी मागणी घालत नाही. जिवंत असून नसल्यासारखी. हे सगळं मला ठाऊक होतं, खोटं नाही सांगत. पण मी गप्प बसले. बोलले असते तर तेवीस वर्षांचा ताठा मातीत गेला असता. ती सुटावी की मी झाकलेली राहावी, एवढाच प्रश्न होता; आणि माझं उत्तर ठरलेलं होतं.

नवव्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, तेस्लेम गल्लीत आली. हातात चहाचा ट्रे, कोळशाची शेगडी, बगलेत पिशवी. समोरच्या स्वतःच्या गाळ्यात नाही गेली. सरळ माझ्या चटईवर येऊन बसली. गुडघा वर घेऊन.

"सलाम, झैनबू," ती म्हणाली. मावशी नाही, काही नाही. नुसतं झैनबू. "आज चहा माझा."

आता समोर कुणी चहा मांडला की तिसरा पेला होईपर्यंत आपण उठायचं नाही आणि त्यालाही उठवायचं नाही. ही रीत मोडणारीला आमच्या गल्लीत पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही. तेकबेर आली, आणखी पाच-सहा जणी आल्या, गोल करून बसल्या. तेस्लेमने पिशवीतून झगा काढला आणि माझ्या पुढ्यात पसरला. डाग वर.

"हा रंग कुणाच्या अंगावरचा आहे, एवढंच विचारायचं आहे," ती म्हणाली. आणि किटली निखाऱ्यांवर ठेवली.

बस. त्यानंतर एक अक्षर नाही. भाव एकदा सांगायचा आणि तोंड शिवायचं! माझंच हत्यार, माझ्याच चटईवर, माझ्याच गळ्याशी! मी मनात म्हणाले, बाळे, हा डाव मी तुझ्या जन्माच्या आधीपासून खेळतेय. मी पण गप्प बसले.

पहिला पेला. तिने एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून चहा ओतला, फेस काढला, परत ओतला. हात जराही हलत नव्हता. मी प्याले. कडू होता.

दुसरा पेला. मला खोकला आला. मग मी म्हणाले, "यंदा वारा जास्तच आहे." तेकबेरने मनगटातलं घड्याळ बघितलं. मग मी म्हणाले, "साखर महागली." आणि त्याच क्षणी मला कळलं, की मी आधी बोलले.

तेस्लेम पुदिना निवडत होती.

"सोड गं तेस्लेम," तेकबेर म्हणाली. "उगाच झैनबूला काय विचारतेस? ती आपल्या गल्लीची शान आहे. नवरा करेल तर ढोल वाजवून करेल. ही जी कोण चोरटी आहे ना, ती असेल कुणीतरी टाकाऊ. दिवसाढवळ्या जिच्याकडे कुत्रंही बघत नाही, असली. सिदातीने दया केली असेल."

बायका हसल्या.

"दया?" मी म्हणाले.

"नाहीतर काय? भुकेल्या शेळीला पाला टाकतात तसं."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. "दया? माझ्यावर दया? आठ महिने माझ्या दारात नाक घासत होता तो! म्हणाला तू अस्सल, ती नक्कल! तीन वेळा मी नाही म्हणाले, चौथ्यांदा त्याने माझ्या आईची शपथ घातली, तेव्हा कुठे मी हो म्हणाले! लग्न झालंय माझं त्याच्याशी, दोन साक्षीदारांसमोर, रीतसर! टाकाऊ कुणाला म्हणतेस?"

तेकबेरने ते मुद्दाम म्हटलं होतं की नाही, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

तेस्लेमने तिसरा पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मग झग्याची घडी घातली. "ऐकलंत सगळ्यांनी," ती बायकांना म्हणाली. माझ्याकडे बघून तिने जीभ टाळूला लावली, 'टक्' केलं, आणि उठली. एक वाईट शब्द बोलली असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

दहाव्या दिवशी ती सुटली. इद्दतीचे, म्हणजे सुटल्यावर पाळायचे, दिवस पाळून झाल्यावर तिच्या आईच्या दारात असा जल्लोष झाला म्हणतात, की माझे तिन्ही त्यापुढे काहीच नाहीत. हाता-पायांवर मेंदी, एका जुन्या ओळखीच्या माणसाने उंटीण भेट पाठवली, सिदातीला खिजवायला कुणीतरी कविता म्हटल्या. त्या दिवशी अख्खी कापडाची गल्ली बंद होती. सगळ्या तिकडे. मी एकटी गाळा उघडून बसले होते. संध्याकाळपर्यंत एक गिऱ्हाईक आलं, तेही तेस्लेमचा गाळा कधी उघडणार ते विचारायला.

आणि माझ्या घरी सिदाती आला. पत्र्याची पेटी, चामड्याची उशी, चहाचं सामान घेऊन. "आता लपायचं कशाला?" म्हणाला आणि लोडाला टेकून आडवा झाला. तो आजही तसाच आडवा आहे. उंटांचा धंदा बसलाय म्हणतो. बसायला धंदा कधी उभा तरी होता का, कोण जाणे.

मी त्याला हाकलायला काय काय नाही केलं! पहिला नवरा माझ्या जिभेने पळाला होता, दुसरा चार दिवस चूल न पेटवल्यावर, तिसरा मी पाहुण्यांसमोर उठून गेले म्हणून. हा कशालाच बधत नाही. मी शिव्या घातल्या की हा दोस्तांना बोलावतो, म्हणतो, "या, ऐका. माझी बायको! हिला गप्प बसता येतं का, हे मला अजून कळायचंय." सगळे हसतात. मग पदर झटकून, मान वाकडी करून माझी नक्कल करतो. हुबेहूब करतो मेला. मला सोड म्हटलं तर म्हणतो, "का? बरं चाललंय की." परवा तर म्हणाला, आणखी एखादी आणली तर घरात तुला सोबत होईल. अट? अट कुठली माझ्या लग्नात!

तीन आठवडे मी बघतेय. समोरच्या गाळ्यात ती बसलेली असते. भाव एकदा सांगते आणि चहा पिते. पाठ अशी ताठ, की बघत राहावं. आणि हे सांगताना जीभ झडायला हवी माझी, पण संध्याकाळी घरी पोचल्यावर कडीला हात लावायच्या आधी मी थांबते. आतून हसण्याचा आवाज येत असतो. तेव्हा मी मनात विचारते, आत्ता तेस्लेम काय करेल?

काल दुपारी मी उठले आणि गल्ली ओलांडून तिच्या गाळ्यासमोर जाऊन उभी राहिले. विचारायचं होतं, की बाई, कादीसमोर पहिलं वाक्य काय बोललीस? एवढंच. पण तोंडातून शब्द फुटेना. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पदर दातांत होता, ते मला नंतर कळलं.

तिने वर बघितलं. हसली नाही. शेगडी पुढे ओढली आणि निखाऱ्यांवर किटली ठेवली.

"बस, मावशी," ती म्हणाली. "तिसऱ्या पेल्यापर्यंत बोललीस तरी चालेल."

मी बसले. गुडघा वर घेऊन बसायला गेले, तर समोर ती आधीच तशी बसलेली. म्हणून मग मांडी घातली.